डाव्या पायाला लागलं काय?

पडलेल्या माणसाला आमच्याकडे पहिला प्रश्न एकच विचारतात, ‘लागलं काय?’ आणि पडलेला माणूस, त्यातून तो पुरुष असेल, त्यातून चार लोक बघत असतील, तर कपडे झटकत एकच उत्तर देतो, ‘नाही, नाही लागलं.’ बहुतेकांचं ते खोटं असतं. मी मात्र वर्ष-दीड वर्ष हे वाक्य अगदी खरं बोलत होतो. मला खरोखरच लागत नव्हतं.

मला कुष्ठरोग झाला होता. हा शब्द सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण तो लिहायला मला दोन वर्षं लागली. गोळ्यांचा कोर्स संपला, बरा झालो असं डॉक्टरांनी सांगितलं, तसा कागदही माझ्याकडे आहे. बरा म्हणजे जंतू गेले. डाव्या तळव्याची जाणीव गेली ती गेलीच. पायाला मुंग्या येतात, बसून बसून येत असतील, असं म्हणत कोणी घरी बसला असेल तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे. धीर द्यावा असं माझ्याजवळ फारसं काही नाही. माझी चूक तेवढी त्याच्या कामी यावी.

चार पेडल

दारव्ह्याला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, तेरवी, जयंती, निवडणूक, सगळं छापतो. दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि रविवारी सकाळी सायकल घेऊन डोंगरात जायचं, हे माझं आयुष्य होतं. सायकल साधी नाही. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, दगडधोंड्यांतून चालवायची. यवतमाळच्या रस्त्याला सागाच्या जंगलातून उतरणारी एक गुराख्यांची वाट आहे. त्या वाटेवर काळ्या दगडाचे तीन टप्पे लागतात, प्रत्येक गुडघाभर उंच. आम्ही त्यांना काळ्या पायऱ्या म्हणायचो. वर उभं राहिलं की खाली काहीच दिसत नाही. तिथून सायकलवर बसून उतरता येत नाही, पेडलवर उभं राहून उतरावं लागतं. गुडघे वाकवायचे, टाचा खाली दाबायच्या आणि सगळा भार पावलांवर सोडायचा. डोळ्यांपेक्षा तळव्यांना आधी कळतं, सायकल कुठे चालली आहे ते.

काही सायकलवाले बुटाला क्लिप लावून पेडलमध्ये पाय अडकवून घेतात. लांबच्या रस्त्याला ते बरं असतं. पण पायरीवर तोल गेला तर पाय झटक्यात जमिनीवर टेकता आला पाहिजे, म्हणून मी पहिल्यापासून सपाट पेडलवाला. सपाट पेडलवर पाय नुसता ठेवलेला असतो. त्याला धरून ठेवतात ते पेडलवर उभे असलेले लहान लहान खिळे. ते बुटाच्या रबरात रुततात. माझा शाळेतला दोस्त रफीकभाई, ज्याचं बसस्टँडजवळ सायकलचं दुकान आहे, तो त्यांना दात म्हणतो. ‘दातवाला पेडल’ हा शब्द त्याचाच.

तर माझा डावा पाय पेडलवरून निसटायला लागला. आधी पायऱ्यांवर, मग साध्या खडकाळ वाटेवर. मला वाटलं, पेडल खराब. प्लॅस्टिकचा होता तो काढून ॲल्युमिनियमचा बसवला. तरी निसटे. मग आणखी रुंद बसवला. मग आणखी लांब दातांचा. बूट बदलले, चिकट रबराच्या तळाचे मागवले. मोबाईलवरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर रोज विचारायचो, दात किती लांब असावेत, पेडल मधे खोलगट बरा की फुगीर बरा. लोकही उत्साहाने सांगायचे. पेडल या विषयावर मी त्या वर्षी जेवढं वाचलं तेवढं दहावीला सगळ्या विषयांचं मिळून वाचलं नसेल. वैशाली, माझी बायको, म्हणायची, ‘लगनासाठी पोरगी पाह्यली तवा एवढी चौकशी केली नव्हती तुमी.’

आणि पाय निसटला की पेडल गर्रकन फिरून नडगीवर आपटतो. सगळे दात एकदम. ज्याने हे एकदा खाल्लं आहे त्याला विचारा, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. माझ्या डाव्या नडगीवर तो आपटायचा आणि मी तसाच पुढे जायचो. सोबतचे थांबून विचारायचे, लागलं काय? मी म्हणायचो, नाही. मोजा रक्ताने भरलेला असायचा. मोठा दणकट माणूस आहे बुवा, असं ते म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता सांगताना लाज वाटते, पण वाटायचा.

जखमा बघून वैशालीने कटकट केली म्हणून नडगीचं गार्ड घ्यायला लागलो. गुडघ्याखाली जिथे गार्डचा वरचा पट्टा बसतो, तिथे पुढे कातडीवर एक फिकट चट्टा दिसायला लागला. लिंबाएवढा, मग पोळीच्या गोळ्याएवढा. पट्ट्याच्या घामाने रंग उडाला असेल, असं मी ठरवून टाकलं. खाजत नव्हता, दुखत नव्हता, त्याच्याबद्दल तक्रार करायची तरी काय?

बधिर

या सगळ्याच्या मधोमध माझ्या दुकानात आरोग्य खात्याचं काम आलं. कुष्ठरोग शोधमोहिमेचे फ्लेक्स. ‘अंगावर फिकट, न खाजणारा, न दुखणारा, बधीर चट्टा आहे का?’ असा मजकूर होता. मी तो तीनदा वाचला. ‘बधीर’मधला धी दीर्घ पडला होता. मी फोन करून सांगितलं, साहेब, धि ऱ्हस्व पाहिजे, बधिर. ते म्हणाले, करून टाका. मी केलं. तो चट्टा तेव्हा माझ्या पँटच्या आत होता, टेबलापासून वीतभर खाली.

महिन्याभराने मोहिमेच्या आशाताई दारात आल्या. मी अंगणात सायकल उलटी करून पेडल आवळत बसलो होतो, घामाघूम.

‘भाऊ, अंगावर कुठी चट्टा गिट्टा?’

‘नाही ताई.’

‘पाय दाखवता काय?’

‘अवो ताई, मी डोंगर चढनारा मानूस हाव. मले काय होते?’

त्या बिचाऱ्या हसल्या आणि भिंतीवर खडूने तपासल्याची खूण करून पुढच्या घरी गेल्या. ती खूण पावसाळा येईपर्यंत आमच्या भिंतीवर होती.

चप्पल

माझा रोग पहिल्यांदा ओळखला तो रफीकभाईने. उन्हाळा होता, दुपारचे दोन वाजले असतील. मी बूट पिशवीत घालून चपलांवर त्याच्या दुकानी गेलो आणि म्हणालो, आता आणखी लांब दातांचा पेडल मागव. त्याने पिशवीतले बूट काढले, उलटे केले आणि स्टुलावर शेजारी शेजारी ठेवले.

‘हे पाह्य,’ तो म्हणाला. ‘उजव्या बुटाले दाताचे निशान एकाच जागी हायेत. बरोबर चवड्याखाली. अन् आता डावा पाह्य.’

डाव्या तळाला टाचेपासून बोटांपर्यंत सगळीकडे भोकं होती. ठरलेली अशी एक जागा नव्हती.

‘चार पेडल झाले तुहे. चारी पेडल खराब कसे असतीन बे? अन् एकाच बाजूनं? खराबी पेडलमदी नाही, तुह्या पायात हाय. तुले पायच समजून नाही राह्यला कुठी ठेवला थे.’

मी हसलो. म्हणालो, तू कधीपासून डॉक्टर झालास? तो हसला नाही. माझ्या पायांकडे बघत होता.

‘तुही चप्पल कुठी हाय?’

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्यात नव्हती. वळून पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या समोर, माझी डावी चप्पल पडलेली होती. तिथपासून इथपर्यंत तापलेल्या डांबरावरून मी अनवाणी पायाने चालत आलो होतो, आणि आल्यापासून तसाच उभा होतो.

रफीकभाईने मला स्टुलावर बसवलं, पाय वर घेतला. तळव्याला मोठा फोड आला होता.

‘चटका नाही लागला तुले?’ त्याचा आवाज बदलला होता. मला त्या आवाजाचीच भीती वाटली, फोडाची नाही.

निळे ठिपके

दारव्ह्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. वैशाली सोबत होती. तिला वाटत होतं मधुमेह असेल, मलाही वाटत होतं. मधुमेह निघावा अशी आम्ही दोघं मनातून आशा करत होतो, असं आता कळतं.

तिथे गेडाम सर नावाचे तंत्रज्ञ होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी मला टेबलावर झोपवलं.

‘डोळे मिटा भाऊ. मी पायाले पेन लावतो. जिथं लागलं तिथं बोट ठेवून दाखवजा.’

मी डोळे मिटले. उजव्या पायाला टोचलं, मी बोट ठेवलं. पुन्हा टोचलं, पुन्हा ठेवलं. मग ते बाजूला सरकले असावेत. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कोणीतरी केसपेपर हरवला म्हणून ओरडत होतं. मी वाट बघत होतो. मला वाटलं, सर काहीतरी लिहीत असतील. बराच वेळ झाला तेव्हा मीच म्हणालो, ‘करा ना सर, डाव्या पायाचं सुरू.’

मग वैशालीचा हुंदका ऐकू आला.

‘झालं भाऊ,’ गेडाम सर म्हणाले. ‘उघडा डोळे.’

उठून बसलो आणि पाहिलं. माझ्या डाव्या तळव्यावर पेनाचे निळे ठिपके होते. बारा तेरा असतील. नडगीवरच्या चट्ट्यातही चार होते. एकाचाही मला पत्ता नव्हता. मग त्यांनी पाऊल वर उचलून धरायला सांगितलं आणि दोन बोटांनी दाबलं. उजवं हललं नाही. डावं लगेच खाली गेलं, ओल्या कापडासारखं. गुडघ्याच्या बाजूला त्यांनी चाचपलं, तिथे शीर सुजून दोरीसारखी झाली होती.

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. मोठ्याने नाही, पण खालच्या आवाजातही नाही. त्यांच्या मागे भिंतीवर फ्लेक्स लावलेला होता. माझाच. बधिरमधला धि ऱ्हस्व होता, अगदी बरोबर.

‘बारा महिने गोळ्या,’ सर म्हणाले. ‘बीमारी जाते, शंभर टक्के जाते. तुमच्यापासून घरच्याइले भेव नाही, गोळी सुरू झाली का कोनाले होत नाही. पन भाऊ, पायाचं मी सांगू शकत नाही. थोडा उशीर झाला. शिरेची सूज उतरवाच्या गोळ्या देतो, पाऊल उचलाले येईन बहुतेक. तळव्याचं मात्र सांगता येत नाही. अन् ज्या पायाले दुखत नाही त्याले जपा लागते. एक जखम नजरेतून सुटली का बोटं जातात, कधी पायच जाते. तुमचा पाय वाचवाचा का नाही, हे आता तुमच्या डोळ्यांवर हाय.’

मी विचारलं, ‘सर, सायकल?’

ते चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघत राहिले. वैशालीने माझा हात झटकून टाकला. पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं ते रोगावरून नाही, सायकलवरून.

ग्लास

घरात आम्ही तिघं, मी, वैशाली आणि माय. वैशालीने गल्लीत सांगितलं, यांची कमरेची शीर दबली आहे. सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण मी पाय ओढत चालतच होतो. गोळ्यांनी कातडी काळपट झाली, तर म्हणाली, उन्हात फिरतात. दवाखान्यातून मऊ तळाची काळी चप्पल मिळाली, मागून पट्टा असलेली. ती चप्पल कोणत्या रोगाची, ते ओळखणारे ओळखतात. मी ती घरातच घालायचो आणि दुकानी जाताना बूट. जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच.

पहिले काही आठवडे वैशाली माझे कपडे वेगळे धुवायची. मला ते दिसायचं, मी बोललो नाही. तिचीही तपासणी झाली, मायची झाली, दोघींना खबरदारीची गोळी दिली, दोघी ठीक निघाल्या. तरी कपडे वेगळेच. मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. खूप राग आला. पण मी स्वतः तरी काय करत होतो? मी माझा पाण्याचा ग्लास वेगळा काढला होता, खिडकीत ठेवायचो. कोणी सांगितलं नव्हतं.

मायने तो ग्लास आठ दिवस बघितला. नवव्या दिवशी दुपारी ती खिडकीशी आली, माझ्या समोर त्यात माठातलं पाणी घेतलं आणि उभ्याने घटाघटा प्यायली. माय पंचाहत्तरीची आहे. तिने कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

‘लहानपनी आमाले वरून पानी पाजत,’ ती म्हणाली. ‘ओंजळ धराची अन् त्याइनं वरून ओताचं. शितोडा उडाला तरी शिव्या. बाबासायबाच्या वाटेनं आलो ते कायले आलो? आपल्याच घरात पुन्यांदा तेच कराले? अन् तूच कराले?’

ग्लास तिने भांड्यांत टाकला, सगळ्यांच्या ग्लासांत. मला रडू आलं, ते मी थांबवलं नाही. वैशाली मोरीच्या दारात उभी होती. त्या दिवसापासून कपडे एकत्र धुतले जाऊ लागले.

काटा

आता माझी खरी चूक. पहिली चूक अज्ञानाची होती, तिच्याबद्दल मी स्वतःला थोडीफार माफी देतो. ही दुसरी समजून उमजून केलेली आहे.

चौथ्या महिन्यात पाऊल थोडं वर उचलायला लागलं. गेडाम सरांना आनंद झाला, मला तर आभाळ ठेंगणं झालं. रोज वीस मिनिटं पाण्यात पाय बुडवायचा, घासायचा, तेल लावायचं, आरसा धरून तळवा बघायचा, हे सगळं मी मन लावून करत होतो. आणि मनात एकच चाललेलं असायचं, काळ्या पायऱ्या. आजाराने मला घाबरवलं नव्हतं असं नाही. पण डोंगर सुटला तर मी कोण उरतो, या विचाराने मी जास्त घाबरायचो. फ्लेक्सवाला. पाय ओढणारा फ्लेक्सवाला.

हिवाळा सरता सरता एका रविवारी सकाळी वैशालीला सांगितलं, नेरला एका गिऱ्हाइकाकडे जातो आहे. सायकल दुकानात नेऊन ठेवलेली होती. दातवाला पेडल तसाच होता. गेलो. पायऱ्यांपर्यंत गेलो, उतरलो नाही, तेवढी अक्कल होती. नुसता वाटेवर चार-पाच किलोमीटर हिंडलो. सागाची पानगळ झाली होती, जंगल उघडं पडलं होतं. एका ठिकाणी पाय टेकून उभा राहिलो, पाणी प्यायलो. छान वाटलं. खोटं कशाला बोलू, वर्षभरात तेवढं छान वाटलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी पाय बघायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वैशाली फरशी पुसताना थांबली. मोरीपासून पलंगापर्यंत पिवळट डाग होते, एकाआड एक, फक्त डाव्या पावलाचे. तिने मला बसवलं, मोजा काढला. बाभळीचा काटा होता. बुटाच्या तळातून करंगळीच्या बुडाशी शिरलेला, आत मोडलेला. मी त्यावर तीन दिवस चाललो होतो, दुकानात उभा राहिलो होतो, एकदा जिना चढलो होतो.

‘हे नेरचं गिऱ्हाईक?’ ती म्हणाली.

ती ओरडली नाही. तिने रिक्षा बोलावली.

वॉर्ड

यवतमाळच्या वॉर्डात सव्वा महिना होतो. सकाळी सहाला फरशी पुसायला येत, मग चहा, मग ड्रेसिंगची गाडी. ड्रेसिंगची गाडी वाजली की सगळा वॉर्ड कण्हायला सुरुवात करायचा, माझ्याशिवाय. माझ्या पायात चिमटा घालून आतलं साफ करत असत आणि मी समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी बोलत असे. त्याची मांडी भाजलेली होती, तो देवाचा धावा करायचा. एकदा दम खात मला म्हणाला, ‘तुही मजा हाय लेका, तुले लागतच नाही.’ पण त्या दिवसांत मला त्याच्या ओरडण्याचा हेवा वाटायचा. त्याचा पाय त्याच्याशी बोलत होता.

हाडापर्यंत गेलं होतं. करंगळी काढावी लागली. ऑपरेशनच्या कागदावर माझी सही घेताना डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागलं तर नशीब समजा. भागलं. वैशाली रोज सकाळच्या बसने डबा घेऊन यायची, दुपारच्या बसने जायची. पहिले पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. एक दिवस डबा उघडता उघडता म्हणाली, ‘तुमाले बीमारी झाली त्याचं मले काही नाही. तुमी खोटं बोलून गेलते, त्याचं हाय.’ मी म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, ‘चुकलो म्हनाले काय लागते?’ आणि पोळीचा घास माझ्या हातात दिला.

घरी आल्यावर पाय बघायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी मी खाटेवर पाय लांब करायचा आणि तिने तळवा बघायचा. मग बोटाने ठिकठिकाणी दाबून विचारायची, लागलं? मला तिला काहीतरी चांगलं द्यायचं होतं. महिना-दोन महिने नुसतं नाही, नाही ऐकून तिचा चेहरा उतरायचा. एके दिवशी मी भिंतीकडे बघत म्हणालो, ‘हो, लागलं. थोडं लागलं.’

मी वळून पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

‘अजून हातच नाही लावला मी,’ ती म्हणाली.

त्यानंतर ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माझ्या आजाराच्या सगळ्या दिवसांतला सगळ्यात वाईट दिवस कोणता असं कोणी विचारलं, तर तो निळ्या ठिपक्यांचा नाही आणि करंगळीचाही नाही. हा आहे.

पाचवा पेडल

बारा महिने झाले, गोळ्या संपल्या. पाऊल पुष्कळ उचलता येतं. तळवा मेलेला आहे आणि तसाच राहणार, हे गेडाम सरांनी स्वच्छ सांगितलं. कुरकुरत त्यांनी सायकलीला परवानगी दिली, तीही अटींसह. सपाट जमीन, फार तर हलका उतार, उजेडात, सोबत माणूस, आणि आल्यावर दोन्ही पाय बघायचे.

ग्रुपवर मी नाव न सांगता विचारलं, पायाला संवेदना नसेल तर कोणता पेडल? बहुतेकांनी लिहिलं, क्लिप लावा, पाय निसटणारच नाही. मलाही ते पटलं. मी रफीकभाईकडे गेलो आणि क्लिपवाला पेडल मागितला.

‘नाही देत,’ तो म्हणाला.

‘काहून?’

‘बांधलेला पाय पडतानी मुरडून सोडवा लागते. तुले समजनार हाय, सुटला का नाही सुटला? आन थो जुना पेडल.’

मी चौथा पेडल दिला, लांब दातांचा, ज्याच्यासाठी मी तेव्हा जीव टाकला होता. त्याने बारका पाना घेऊन डाव्या पेडलचा एकेक दात काढला. दोन्ही बाजूंचे. वाटीत टाकताना टिणटिण आवाज होत होता. मग जुन्या टायरचं रबर कापून त्यावर बसवलं आणि बाहेरच्या कडेला बोटभर उंच पट्टी लावली, पाय बाहेर घसरला तर अडावा म्हणून. उजव्या पेडलचे दात राहू दिले. दोन पेडल दोन जातीचे झाले. मी वर्षभर जगातला सगळ्यात चांगला पेडल शोधला होता, आणि माझ्या वाट्याला हा बोळका आला.

‘याच्यावर पायऱ्या उतरता येनार नाही,’ मी म्हणालो.

‘नाहीच उतराच्या,’ रफीकभाई म्हणाला. दातांची वाटी त्याने फळीवर सगळ्यात वर ठेवली.

गेल्या रविवारी गेलो होतो. वैशाली स्कूटरवर मागून आली. सागाच्या जंगलात, पायऱ्यांच्या बऱ्याच अलीकडे, मुरमाचा एक हलका उतार आहे. लहान मुलंही उतरतील असा. ती मोहाच्या झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन बसली. मी दोनदा नीट उतरलो. डाव्या पायाकडे बघत उतरावं लागतं, तो जागेवर आहे का ते. त्यामुळे समोरचं नीट दिसत नाही. तिसऱ्यांदा समोरचा दगड दिसला नाही. चाक अडलं आणि मी डाव्या अंगावर पडलो, सायकल वरून.

वैशाली धावत आली. चप्पल तिथेच टाकून, अनवाणी आली.

‘लागलं काय? अवो, लागलं काय तुमाले?’

कोपर खरचटलं होतं, ते झोंबत होतं. खांदा ठणकत होता. ते मला कळत होतं. पाय सायकलीखाली होता. ओठांवर सवयीने शब्द आला होता, पहिला ‘नाही’, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, ‘हो’. मी दोन्ही गिळले.

‘माहीत नाही,’ मी म्हणालो. ‘तू पाह्य.’

ती मुरमात गुडघ्यांवर बसली आणि माझ्या बुटाची नाडी सोडू लागली.